अपडेट मधेच अडकलं अन् वडलांची गाणी

मित्रांनो, आज लई दमलोय. सकाळी लॅपटॉपचं अपडेट सुरू केलं अन् मधेच लाईट गेली. बॅटरी तर कधीचीच मेलेली. नंतर लॅपटॉप चालूच होईना.

वडील मागच्या वर्षी गेले. त्यांनी गायलेली भीमगीतं फक्त त्यातच होती.

बजाजनगरच्या दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "दुसरीकडं कुठं ठेवलंय का?" मी नाय म्हणालो. दुपारभर तिथंच बसून राहिलो. शेवटी त्यानं हार्ड डिस्क बाहेर काढून गाणी पेनड्राईव्हमधे उतरवून दिली.

घरी टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. वडलांचा आवाज आला तशी आई म्हणाली, "बंद कर. आधी माझ्या मोबाईलात टाक, ताईलाबी पाठव. मग ऐकू."

तुमच्या माणसांचे आवाज किती ठिकाणी ठेवलेत?