पाच ते सहाचा चौकोन

वेळ कुठे गळतो ते रोज लिहून काढा, असं आमच्या शाळेत प्रशिक्षण द्यायला आलेल्या साहेबांनी सांगितलं. अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद करायची. ते स्वतः पहाटे पाचला उठतात, चहा घेतात आणि दिवसाची आखणी करतात म्हणे. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "यांच्याकडे पाचचा चहा आपोआप होतो वाटतं." मी हसले, पण वही घातली. मी गणित शिकवते. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही.

शिवाय मला वेळ खरंच हवा होता. पदव्युत्तर परीक्षेचा माझा एक विषय राहिला होता. तो सुटला तर अकरावी-बारावीला शिकवता येणार होतं, नाहीतर निवृत्तीपर्यंत सातवीचे अपूर्णांक. ही शेवटची संधी होती.

आठ दिवस प्रामाणिकपणे लिहिलं. मी आळशी आहे की काय, अशी भीती होती, ती गेली. माझ्या हातून वाया गेलेला अर्धा तास शोधून सापडेना. पोळ्या, शाळा, पाणी भरणं, सासूबाईंच्या गोळ्या, वह्या तपासणं, परत पोळ्या. शेवटी दोन कामं पहाटेवर ढकलली आणि संध्याकाळी पाच ते सहा मोकळे केले. वहीत त्या जागी चौकोन काढून लिहिलं: अभ्यास.

इथे माझी चूक झाली. वही मी स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर ठेवत होते. आठवडाभरात घरातल्या सगळ्यांना ती पाठ झाली आणि सगळ्यांनी तिच्यातून एकच गोष्ट वाचली: पाच ते सहा ही घरात असते आणि बसलेली असते.

दळण आणायला सांगायचं तर पाचला. नणंदेच्या मुलीला गणित समजावायचं तर पाचला, "तुझा तसाही अभ्यासच चाललेला असतो." नवरा पाहुण्यांना फोनवर बिनदिक्कत सांगायचा, "पाचला या, तेव्हा ती मोकळी असते." मी सासूबाईंना म्हटलं, हा वेळ माझा आहे. त्या मेथी माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तू घरमाच शे ना? मंग? अभ्यास काय, नंतर बी व्हई."

संतापून एका दिवशी चौकोनात 'मीटिंग' असं लिहिलं. त्या दिवशी एक माणूस फिरकला नाही. दार लोटून मी सलग तासभर गणितं सोडवली. बाहेर नवरा कुणाला तरी म्हणाला, "हळू बोला, तिची ऑनलाइन मीटिंग आहे." खोट्या कामाला एवढा मान, आणि खऱ्याला मेथी. ते मला इतकं झोंबलं की परत तसं लिहिलं नाही. आपल्याच वहीत आपण खोटं का लिहायचं?

पेपरच्या आधीच्या रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच असा मोठा चौकोन आखला. गुरुवारी नवरा म्हणाला, "रविवारी शेतात भरीत पार्टी ठेवलीय. ऑफिसचे वीसेक जण येतील."

"रविवारी माझा अभ्यास आहे. वहीत लिहिलंय."

"म्हणूनच तर रविवार धरला. अख्खा दिवस तू घरीच असणार होतीस. आणि तुला काय करायचंय? भरीत आम्ही पुरुषच करतो."

आमच्याकडे ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. हिवाळा आला की पुरुष शेतात जातात, कपाशीच्या काड्या पेटवून हिरवी वांगी भाजतात, ठेचतात आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतात. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ कोण मळतं, पुऱ्या कोण लाटतं, लसूण कोण सोलतं, भांडी कोण घासतं, हे त्या गोष्टींत येत नाही.

वीस लोकांना बोलावून झालं होतं. मी गेले, पण वही आणि पुस्तक पिशवीत घालून. चुलीपाशी बसून पुऱ्या लाटत होते, सासूबाई त्या तळत होत्या, आणि दर अर्ध्या तासाने मी हात पुसून लिहीत होते. नवऱ्याच्या ऑफिसातले एक भाऊ पाणी प्यायला आले.

"वहिनी, सामानाची यादी करताय का?"

"नाही भाऊ, वेळ लिहितेय."

"बघू तरी. वाचा."

मी मोठ्याने वाचलं. "साडेदहा ते अकरा. एक जण वांगी भाजतो, नऊ जण बघतात. मी लसूण सोलते. अकरा ते साडेअकरा. दोघे वांगी सोलतात, एक जण फोटो काढतो, बाकीचे खाटेवर. मी पीठ मळते. साडेअकरा ते साडेबारा. सगळे खाटेवर. मी पुऱ्या. परीक्षेला सात दिवस."

पहिल्या ओळीला हशा पिकला, तिसरीला कुणी हसलं नाही. नवरा म्हणाला, "चारचौघांत हे काय काढलंस?"

"चारचौघांतच घडतंय."

मी पोळपाट बाजूला सरकवला, हात धुतले, पिशवी उचलली. सासूबाई म्हणाल्या, "आते पुऱ्या कोन लाटी?"

"ज्यांनी वांगी भाजली ते."

स्कूटी काढली आणि देवपूरला घरी आले. दोन ते पाच अभ्यास केला. वहीत तसं लिहिलंही. त्यानंतर चार दिवस घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. चारही दिवस पाच ते सहा मला कुणी हाक मारली नाही, आणि तो अबोला मला फार उपयोगी पडला.

जळगावला जाऊन पेपर दिला. विषय सुटला. आता मी बारावीला शिकवते. घरात भरिताचा विषय निघाला की नवरा अजून पाहुण्यांना सांगतो, त्या वर्षी भरीत काय झालं होतं, पण पुऱ्या कमी पडल्या. मी का उठून गेले, ते अजून कुणी विचारलेलं नाही. वही मी अजून लिहिते. फक्त आता ती शाळेच्या कपाटात ठेवते, कुलपात.