मंदा मुंबईला कशाला जायची

मंदा गेल्याचं मला तिच्या पुतण्याच्या, निखिलच्या, मेसेजवरून कळलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'धार्मिक वृत्तीच्या व मनमिळाऊ' असं त्यात छापलं होतं. मंदा देवळात गेलीच तर प्रसादापुरती जायची, आणि मनमिळाऊ तर ती कुणाच्या बापाशी नव्हती. माणूस गेला रे गेला की त्याला असं धुऊन, इस्त्री करून घडी घालायची ही कसली घाई? काही आठवडे उलटले तरी माझा राग उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

श्रीवर्धनच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि मी मराठी. तिच्या घरची सुपारीची वाडी. शिकायला मुंबईत होती तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने तिला एकदा दुपारच्या कार्यक्रमाला नेलं, आणि तिथे तिने तो बँड ऐकला. बँडचं नाव मी लिहीत नाही. तुम्हांला ते माहीत नसणार आणि मला पुन्हा त्याचाच राग येणार. फंक आणि सोल वाजवायची ती मंडळी. मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत... ड्रम आणि बेस गिटार एकमेकांना डिवचत राहतात, मध्येच ट्रम्पेट-सॅक्सोफोन उसळतात आणि गाणारा छाती फुटेस्तोवर गातो. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला, मंदा गावी परतली, लग्न राहिलं. पण बँडचा कार्यक्रम असला की ती शनिवारची शाळा आटपून एसटी पकडायची, त्या मैत्रिणीकडे उतरायची आणि सोमवारी वर्गावर हजर असायची. सगळा जन्म तिने हे केलं.

गावाने यातून काय काढलं ते सांगायला नको. मुंबईत कुणीतरी असणार! एकदा हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं. मी तिथेच पेपर तपासत होते. "बाई, गावात बोलतात हो," ते म्हणाले.

"सर, तुम्ही नाटकं बघायला पुण्याला जाता, तेव्हा गाव काय बोलतं?"

"माझी गोष्ट वेगळी. मला नाटकाचा नाद आहे."

"मग मला गाण्याचा आहे," मंदा म्हणाली आणि तासाला निघून गेली.

सर निवृत्त झाले तेव्हा भाषणांतून त्यांना सगळे 'जातिवंत रसिक' म्हणाले. मंदाला तो शब्द कुणी कधी दिला नाही. पुरुष नादापायी गावोगाव हिंडला तर तो रसिक, आणि बाई गेली तर तिचं कुठेतरी प्रकरण! मी एकदा तिच्याबरोबर मुंबईला गेले होते. पहिल्या गाण्यात मला काही कळेना. मंदा कानाशी म्हणाली, "शब्दांच्या मागे धावू नकोस. कंबर काय म्हणते ते बघ." माझी कंबर काही बोलली नाही... पण मंदाचा चेहरा मी पाहिला. तसा निवांत, उजळलेला चेहरा शाळेत कुणी पाहिला नसेल.

मग दोनेक वर्षांपूर्वी काशीदला किनाऱ्यावर कसलासा महोत्सव झाला आणि तिथे हा बँड आला, म्हणून आम्ही दोघी गेलो. सगळे म्हातारे झालेले, जुन्यांपैकी मोजकेच उरलेले. त्यांना वेळ दिली होती ती लोकांच्या खाण्यापिण्याची. लोक ताटं घेऊन पाठमोरे उभे, तरी हे जीव लावून वाजवत होते. तिसरं गाणं रंगात आलं आणि माईक बंद झाले. कुणी पुढारी आले होते, त्यांचा सत्कार करायचा होता. गाणारा नुसतेच ओठ हलवत राहिला. मंदा उठली, गुडघे धरत स्टेजपाशी गेली आणि आयोजक पोराला म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्याला भरल्या पानावरून उठवत नाहीत."

"आजी, तुम्ही बसा ना खाली."

"आजी घरी. इथे बाई म्हणायचं. माईक चालू कर."

तो हसला. शेजारी पापलेट तळणारी कोळीण मात्र झारा घेऊनच पुढे आली. "का रं, त्यांना कशाला गप केलास? चांगला वाजवीत व्हते की!" तेवढ्यात ड्रमवाल्याने मंदाला ओळखलं असावं. त्याने माईकशिवायच ठेका धरला, सॅक्सोफोनवाला त्यात शिरला. मंदा टाळी वाजवू लागली... आपल्यासारखी समेवर नव्हे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. लोक चुकायला लागले तशी ती वर्गावर ओरडायची तशी ओरडली, "घाई नको! आधी थांबा, मग वाजवा!" गाणं पुरं झालं. सत्कार थांबला. त्या संध्याकाळी मंदा जशी हसत होती, तशी ती पुन्हा हसलेली मला आठवत नाही.

आणि शोकसभेत यातलं काय आलं? काही नाही. भजनं झाली. एक नातेवाईक आवाज खाली घेऊन म्हणाले, "मंदाताईंनी एका व्यक्तीसाठी आयुष्य वाहिलं, त्याबद्दल आज बोलायला नको." मी ताडकन उठले, पण लगेच पसायदान सुरू झालं.

आठवड्याने सॅक्सोफोनवाला पीटर एसटीने श्रीवर्धनला आला. बातमी त्याला उशिरा कळली होती. मंदाच्या घरी ओटीवर त्याला चहा दिला आणि आतल्या बायका कुजबुजल्या, "हाच का तो?" त्याने ऐकलं असावं. कप खाली ठेवून तो मला म्हणाला, "बाई, आम्हाला खूप वर्षं त्यांचं नावपण माहीत नव्हतं. किती वेळा बोलावलं, आत या, भेटा. त्या बोलायच्या, तुम्ही दमलात, आधी जेवून घ्या. बस, निघून जायच्या." मला वाटलं, बायांनो, ऐका आता, नीट ऐका.

त्याला तिची खोली बघायची होती. निखिल तिथेच होता. पर्यटकांसाठी खोली करायची म्हणून मापं घेत होता. दोन जुने स्पीकर समोरासमोर, आणि त्यांच्या मधोमध लाल कोब्याची जमीन एका जागी झिजून फिकी, गुळगुळीत झालेली. मी इतकी वर्षं त्या खोलीत बसले, मला वाटायचं तिथे ओल आली असेल. पीटर खाली वाकला, त्याने त्यावरून तळवा फिरवला.

"नाचायच्या," तो म्हणाला. "रोज नाचायच्या."

दार लावून, एकटी! आणि आम्हा कुणाला पत्ता नाही. पीटर उठला आणि त्या जागेला वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. निखिल टेप गुंडाळत पुढे आला. "बाई, पुढच्या महिन्यात इथे टाइल्स बसतील. हे सगळं झाकलं जाईल."

तो नेमका त्याच जागेवर उभा होता.

"निखिल," मी म्हटलं, "आधी पाय काढ तिथून."