तेलाच्या शोधात शिरूर कासार

बीडहून शिरूर कासारला निघालो तेव्हा वडापच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. पण बातमीच अशी होती की कोंबडीसुद्धा सोसली. शिरूरजवळच्या एका वाडीत तेल सापडलं होतं. म्हणजे सापडायचं होतं. वाटण्या मात्र झाल्या होत्या.

मध्यंतरी सर्वेक्षणवाले येऊन रानात तारा अंथरून, बारीक सुरुंग उडवून, काहीच न सांगता निघून गेले होते. सांगितलं नाही म्हणजे तेलच, असं माजी सरपंच नानांनी ठरवलं. त्यांनी मला भाकरी-ठेचा वाढला. ठेच्यावर तेल मागितलं, तर म्हणाले, "थांबा की. आता लई मिळंल."

जागा दाखवायला पाणाड्या (तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणारा) आला. पाण्यासाठी नारळ कोरडा लागतो. तेलासाठी त्याने नारळाला तेल चोळलं. शास्त्र एवढंच पुढे गेलं होतं. नारळ उभा राहिला तो नेमका नानांच्या रानात.

शेजारीच खंडूआबा धनगरांचं पाल (राहुटी) होतं. तळं आटलेलं, मेंढरं जीभ काढून उभी.

"उद्या गोदाकाठी निघावं लागतंय," आबा म्हणाले. "सुनंचे दिवस भरलेत. तिला वाटंनं कशी न्यावी, त्येच कळंना."

नानांनी मागवलेली बोअरची गाडी धडधडू लागली. आधी धूळ, मग चिखल, आणि मग नितळ पाण्याचा फवारा उडाला. आम्ही सगळे चिंब झालो. या तालुक्यात एरवी पेढे वाटले असते. इथे सुतकी शांतता पसरली.

"चुकलं माझं, नाना," पाणाड्या खाली मान घालून म्हणाला. "पाणी लागलं."

"बुजवा त्ये," नाना म्हणाले.

मेंढरं तोवर डबक्याला भिडली होती. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पालाकडे.

"बुजवता कावून (कशाला), नाना? तेल खाली हाय, पाणी वर. आधी पाणी उपसाया नको का? माजी मेंढरं पितील. तेवढाच उपसा."

नानांनी बराच विचार केला आणि आपली जुनी मोटर बोअरमध्ये सोडायला लावली. अशा रीतीने मेंढरं तेलाच्या कामावर रुजू झाली.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा पालातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. दोरीवर धुतलेली दुपटी वाळत होती. मला फार बरं वाटलं.

परतीच्या जीपमध्ये एकाने विचारलं, "लागलं का तेल?"

"अजून पाणी उपसतायत," मी म्हणालो, आणि ते कधीच संपू नये असं मनापासून वाटलं.