हसण्यावारी न नेलेली नक्कल

ड्रायव्हरबाई चिडक्या होत्या, हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं. कोणी आरसा वाकडा केला की चिडायच्या, सीटवर चहा सांडला की चिडायच्या, वळणावर मध्येच स्कूटर घालणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारायच्या. पण तो राग पुढच्या थांब्यापर्यंतच टिकायचा. तिथे एखादी म्हातारी काठी टेकत उभी दिसली की बाई गाडी फुटपाथला अशी चिकटवून लावायच्या, की तिला पायरी उंच वाटू नये.

बस चालवणाऱ्या बायका त्या डेपोत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांच्या धर्माचं तर दुसरं कोणीच नव्हतं. त्या धर्माबद्दल कधी बोलायच्या नाहीत. फक्त पहिली फेरी सुटण्याआधी पायातले बूट काढायच्या, दोन्ही तळवे स्टिअरिंगवर ठेवायच्या आणि डोळे मिटून पुटपुटायच्या. प्रार्थना आईकडून आलेली. शेवटची ओळ मात्र त्यांची स्वतःची होती: ‘आज माझ्या हातून कोणाचं वाईट होऊ देऊ नकोस.’

ती ओळ उताराच्या दिवसानंतर आली. भरलेली बस टेकडीवरून उतरत होती आणि ब्रेक लागेना. बाईंनी गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत, देवाचा धावा करत गाडी एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसवली. सगळे वाचले. पण गाडीत पुढे उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीचा डोळा गेला. चौकशीत बाईंवर ठपका आला नाही. वर्कशॉपवर आला. तरी बाईंची झोप उडाली ती उडालीच.

त्या दिवशी बसमध्ये कंडक्टर होता टाळी. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. विनोद केला की टाळीसाठी हात पुढे करायचा, म्हणून टाळी. माणूस वाईट नव्हता. नकला मात्र अशा करायचा, की डेपो मॅनेजर स्वतःची चाल त्याच्याकडून बघून लाजायचे. डेपोच्या स्नेहसंमेलनात त्याचा कार्यक्रम शेवटी ठेवायचे. आधी ठेवला तर नंतर कोणी थांबायचं नाही.

त्या वर्षी टाळी स्टेजवर आला तो दोरखंडाची वेणी लावून. स्टुलावर बसला. बूट काढले. हातात थाळी धरली, ती स्टिअरिंग. डोळे मिटून म्हणाला, “देवा, क्लच तू बघ, ब्रेक तू बघ, मी जरा डुलकी काढते.”

मागून लाऊडस्पीकरवर घोगरा आवाज आला, “बाई, लायसन्स तुझं आहे की माझं?”

हॉल कोसळला. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईसुद्धा हसल्या. खरंच हसू आलं त्यांना. मग टाळी थाळी गरागरा फिरवत किंचाळला, “देवा, उतार! ब्रेक!”

“थांब जरा,” देव म्हणाला, “जेवतोय.”

त्यापुढे टाळीने प्रार्थनेचे शब्द घेतले. आईचे, जसेच्या तसे, फक्त सूर बोकडासारखा. आणि शेवटची ओळही घेतली. लोक पोट धरून हसत होते. शेजारची क्लार्क बाईंच्या मांडीवर थापा मारत होती. बाई उठल्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “गेल्या! ब्रेक लागला नाही!” त्यावर आणखी हशा.

घरी नवरा म्हणाला, “सोड ना. नकलाच त्या. एवढं काय मनावर घ्यायचं?”

“देवाला हसला असता तर हसू दे म्हटलं असतं,” बाई म्हणाल्या. “देव मोठा आहे, त्याचं तो बघून घेईल. पण मी डोळे मिटून बोलत होते. टाळीशी नव्हते बोलत. त्याने चोरून ऐकलं आणि विकलं.”

दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना टाळीने विचारलं, “ताई, रागावलात की काय? अहो, गंमत होती.”

“त्या पोरीचा डोळा पण गंमत होती?”

“डोळ्याचं मी काही बोललो नाही!”

“उतारावर तू माझ्या देवाचं नाव घेऊन ओरडत होतास. ते का नाही केलंस स्टेजवर?”

बाईंनी बूट काढले नाहीत. टाळी मागे उभा असताना डोळे मिटणं त्यांना जमेना, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण कोणीतरी मोबाईलवर काढलेली ती नक्कल शहरभर फिरली. टायरचं दुकान चालवणारा एक माणूस होता, बाईंच्याच धर्माचा. बाईंना कधी ओळखही न दाखवलेला. तो आठ-दहा पोरं घेऊन भर दुपारी बाजाराच्या थांब्यावर बाईंच्या बससमोर आडवा उभा राहिला.

“ताई, दार उघडा. त्या कंडक्टरला खाली द्या. गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावतो, सगळ्यांसमोर.”

टाळी तिकिटाचं मशीन छातीशी धरून बाईंच्या सीटमागे खाली बसला होता. बाईंनी दाराचं बटण दाबलं नाही. खिडकी मात्र उघडली.

“कोण तुम्ही?”

“तुमचे भाऊच समजा. तुमचा अपमान तो आमचा अपमान.”

“इतके दिवस कुठे होते माझे भाऊ?” बाईंचा आवाज पार मागच्या सीटपर्यंत पोचला. “ती पोर दवाखान्यात होती तेव्हा एक तरी आला होता का? अपमान माझा झालाय. राग मला आलाय. तो मी याच्यावर काढीन नाहीतर गिळून टाकीन. तुम्हाला तो वापरायला कोणी दिला? मला विचारलंत?”

“धर्माचा प्रश्न आहे, ताई.”

“गाडीत माणसं आहेत. बाजूला व्हा.”

एकाने हातातल्या रॉडने बाजूची काच फोडली. बाईंनी हॉर्नवर तळवा दाबून धरला, पहिला गिअर टाकला आणि गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकवली. पोरं एकेक करून बाजूला झाली. टायरवाला शेवटी झाला.

डेपोत पोचल्यावर टाळी बाईंसमोर येऊन उभा राहिला. “ताई, चुकलो. मनापासून माफी मागतो.”

“आत्ता? काच फुटल्यावर?” बाई कडाडल्या. “भीतीने मागितलेली माफी मला नको. ती त्या टायरवाल्याला नेऊन दे.”

टाळीचा चेहरा बदलला. भीती ओसरली तशी त्याची जीभ परत आली. “बरं. मग एक सांगा. गेल्या वर्षी मी रंगाऱ्याची नक्कल केली, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. तो धर्म नव्हता का?”

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो दोन पावलं मागे सरला. पण खरं होतं ते.

रंगारी म्हणजे डेपोतल्या बसवर नंबर आणि पाट्या रंगवणारा माणूस. त्याचा धर्म तिसराच. दुपारी तो हातपाय धुऊन शेडमागे जायचा आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहायचा. टाळीने स्टेजवर तसंच उभं राहून पाठमोरं पॅन्टची चेन लावल्यासारखं केलं होतं. एवढाच विनोद. लोक खुर्चीवरून पडले होते.

बाई तडक शेडमध्ये गेल्या. रंगारी एका बसच्या पाठीवर आकडा भरत होता.

“गेल्या वर्षी तुला राग आला होता का?”

कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही. “आला होता.”

“मग बोलला का नाहीस?”

“कोणाला बोलू? सगळेच हसत होते.” त्याने ब्रश डब्याच्या काठावर पुसला. “तुम्हीपण.”

बाईंना त्याचा राग आला, टाळीचा आला, स्वतःचा तर इतका आला की कान गरम झाले. माफीचा शब्द ओठांपर्यंत आला आणि कसातरी, वसकन ओरडल्यासारखा बाहेर पडला. रंगाऱ्याने मान हलवली. स्वीकारली की नाही, ते कळलं नाही.

पुढे मॅनेजरांनी फळ्यावर नोटीस लावली: कार्यक्रमात कोणाच्याही धर्माचा उल्लेख नको. टायरवाल्याने ती आपली जीत म्हणून गावभर दाखवली. बाईंनी कंडक्टर बदलून मागितला. टाळी दुसऱ्या मार्गावर गेला. गेटवर समोरासमोर आले की तो “ताई” म्हणतो, बाई “हं” म्हणतात. त्यापलीकडे नाही. नव्या कंडक्टरला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मी डोळे मिटले की तू खाली उतरून टायर बघायचे.”

मध्यंतरी कॅन्टीनमध्ये एका मेकॅनिकने तोच भिंतीचा विनोद काढला. बाईंनी डबा टेबलावर आपटला. “त्याला बोलाव इथे. त्याच्या तोंडावर सांग. त्याला उलट बोलू दे. मग हसू आपण सगळे.” मेकॅनिक वरमला.

संध्याकाळी रंगारी त्यांच्या गाडीपाशी आला. बाईंना वाटलं, आभार मानायला आला. पण तो धुमसत होता.

“ताई, आता मी शेडमागे गेलो की सगळे बघतात. आधी चार जण बघायचे. आज मी गेलोच नाही.”

“मग मी काय करायला हवं होतं? हसायला हवं होतं?”

“नाही. हसायला नको होतं,” तो म्हणाला, “पण...” आणि पुढचं त्यालाही सापडेना. तो तसाच उभा राहिला, रंगाने माखलेली बोटं एकमेकांवर घासत. मग शेडकडे निघून गेला.

कंडक्टरने घंटी दिली. बाईंनी गाडी काढली. त्या फेरीत त्यांनी इतका हॉर्न वाजवला, की एक प्रवासी म्हणाला, “अहो बाई, रस्ता मोकळा आहे.”

“दिसतंय मला,” बाई म्हणाल्या.