सहाशे चौदाचं उत्तर

थोरली ही आईबापांची थोरली, पण नऊ वर्षांत हॉस्पिटलच्या लॅबनेही तिला थोरलीच करून टाकलं होतं. इनचार्ज मॅडम तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या, तरी त्याही हाक मारायच्या, "थोरले, मशीन परत रुसलंय गं, बघ जरा." मग थोरली हातमोजे चढवायची, झाकण उघडून नळीत अडकलेली रक्ताची गुठळी काढायची, आणि मशीन निमूट चालायला लागायचं. रिपोर्टाखाली सही मात्र मॅडमची. थोरलीची लॅब टेक्निशियन म्हणून बोर्डाकडे नोंदणी नव्हती आणि नोंदणीच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. फिजिऑलॉजी कशीबशी सुटायची, बायोकेमिस्ट्री आडवी यायची.

तिसरी खेप शेवटची, असा नियमच होता. या वेळी नापास झाली तर मशीनला हात लावायचा नाही. खालच्या खिडकीत बसून आलेल्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, थेट रिटायर होईपर्यंत.

याची तिला भीती वाटायला हवी होती. पण दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असूनही आपला राहत नाही, तसं आई गेल्यापासून चार महिने तिचं सगळंच चाललं होतं. चहा पोळला तरी ती पीत होती. कुणी खांद्यावर हात ठेवला तर तो हात निघेपर्यंत थांबत होती. आणि रोज पहाटे उठून बाराशे प्रश्नांचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून दळत होती. आतापर्यंत सात वेळा दळून झालं होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला, तिची त्या दिवशी सुट्टी. दुपारची भांडी आवरली आणि तिने पुस्तक मांडीवर ओढलं.

"चल, मी विचारते. नावं चुकीची वाचली तर हसायचं नाही. चारशे दोन. रक्तातली साखर उतरली की स्वादुपिंडातून कोणतं..."

"सी."

"अगं, प्रश्न तर संपू दे."

"सी आहे."

धाकटीने मागचं पान काढून पाहिलं. "सीच आहे. बरं, सातशे एकोणीस."

"ए."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही, बाई."

"ए आहे ते. बघ."

ते ए होतं. पलीकडच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "हुशार आहे माझी पोर." बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आता घरातले नळ आणि बिजागऱ्या सोडून दुरुस्त करायला त्यांना काही उरलं नव्हतं.

धाकटी मात्र थोरलीकडे डोळे बारीक करून बघत होती. दुकानात ती गिऱ्हाइकाकडे बघायची तसंच.

"आमच्याकडे लायसन्ससाठी डोळे तपासायला आजोबा येतात ना, ते बाकावर बसल्याबसल्या अक्षरांचा तक्ता पाठ करतात. डोळ्यांवर फडकं बांधलं तरी शेवटची ओळ घडाघडा म्हणतील. मग मी काय करते माहितीये? ओळ उलटी वाचायला लावते."

"मग?"

"मग आजोबा म्हणतात, आज ऊन फार आहे." तिने पुस्तक स्वतःकडे वळवलं. "चारशे दोन. आता पर्याय मी माझ्या मनाने मागेपुढे करून सांगते. ए, ग्लुकॅगॉन. बी, थायरॉक्सिन. सी, इन्सुलिन. डी, ते दुसरं लांबलचक. बोल."

थोरलीला सी म्हणावंसं वाटत होतं. तोंडात दुसरं काही नव्हतंच.

"सी," ती शेवटी म्हणाली.

"इन्सुलिन? साखर उतरलेली असताना? दुकानात साखरेवाले पेशंट येतात, मलासुद्धा कळतं एवढं." धाकटीने आणखी पाच प्रश्न असेच ढवळून विचारले. पाचांतले चार चुकले. तिने पुस्तक मिटलं. "तू उत्तरं पाठ केलीच नाहीयेत. अक्षरं पाठ केलीस."

"असेल."

"असेल काय? आठ दिवस राहिलेत. तू वाचत नाहीस का प्रश्न?"

थोरलीने विचार केला. पुस्तक पहिल्यांदा दोनदा दळताना तरी वाचले असतील. नंतर डोळे प्रश्नाच्या आकड्यावरून सरळ अक्षरावर उतरायला लागले. मधला मजकूर म्हणजे गर्दीतली माणसं झाली, चेहरे न बघता पुढे सरकायचं.

"एक सांग," धाकटी म्हणाली. "कुठून सुरू झालं हे? कुठला तरी एक प्रश्न असेल ना."

"सहाशे चौदा," थोरली म्हणाली, आणि लगेच उत्तर आलं म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं.

धाकटीने पान काढलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. "यकृत निकामी झालेला रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो. रक्तातील कोणत्या पदार्थाची वाढ याला..." ती थांबली. "अक्षर नको. शब्द सांग."

"अमोनिया."

"तो काय असतो?"

थोरली रिपोर्ट वाचावा तशी सांगू लागली. "आपण प्रथिनं खातो. ती मोडली की अमोनिया तयार होतो. तो विषारी. लिव्हर त्याचा युरिया करतं, युरिया लघवीतून जातो. लिव्हर बंद पडलं की अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूत जातो. मग माणूस ओळखत नाही. शिव्या देतो, अंगावर येतो, आणि नंतर झोपूनच राहतो."

धाकटीने पानावरचं बोट उचललं.

"आई," धाकटी म्हणाली.

"हं."

"शेवटच्या आठवड्यात मी भात भरवायला गेले, तर तिने माझा हात झटकला. म्हणाली, ही बाई कोण, हिला आधी बाहेर काढा." धाकटीचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "मला वाटलं, मी दुकानातून उशिरा आले म्हणून रागावली. चार महिने मला तेच वाटतंय."

"ती रागावली नव्हती. तेव्हा तिला कळतच नव्हतं."

"तुला माहीत होतं?"

"तिच्या रक्ताचा बर्फात ठेवलेला नमुना माझ्याकडेच आला होता. मीच लावला मशीनवर. आकडा माहीत होता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

आकडा थोरलीने फोनवर वॉर्डात कळवला होता, वहीत वेळ लिहिली होती आणि पुढची नळी उचलली होती. आकड्याचा अर्थ कुणाला तरी घरीही सांगावा लागतो, हे त्या दिवशी तिच्या डोक्यात आलंच नाही. तेव्हापासून सहाशे चौदा समोर आला की ती वाचायची नाही. मग आजूबाजूचेही वाचेनाशी झाली.

दारात बाबा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"मला मास्तर म्हणत होती ते," त्यांनी विचारलं, "तेही त्यानेच?"

"हो, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. "मी आपला तिचा कोण मास्तर, ते आठवत बसलो होतो." ते आत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

धाकटीने डोळे पुसले, दुकानाच्या पिशवीतून जाड काळा मार्कर काढला आणि पानापानांवरचे ए, बी, सी, डी मिटवायला बसली. बाराशे प्रश्नांना संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. "आता तू मला शिकवायचं. मला कळलं तर बोर्डालाही कळेल," ती म्हणाली. आठ दिवस थोरली मशीनवरून घरी येऊन दोघांना शिकवत राहिली. बाबांना रक्तदाब पंपाच्या भाषेत लगेच कळला. धाकटी मधेमधे जांभया देत म्हणायची, "हे काही पटलं नाही हं, परत सांग." थोरली परत सांगायची. तिला बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. फक्त आता प्रश्न शेवटपर्यंत वाचला जात होता, आणि त्याला वेळ लागत होता.

परीक्षेतही वेळ लागला. शेवटचे अकरा प्रश्न तिने न वाचता ठोकून दिले.

निकाल तिने लॅबच्या जिन्यात उभं राहून पाहिला आणि धाकटीला फोन लावला.

"झाले पास."

"बायोकेमिस्ट्री?"

"एक्कावन्न."

"पन्नासला सुटतात ना? मग तो वरचा एक कशाला घेतलास, गरजूला द्यायचास."

थोरलीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. पण आपण त्याची वाट बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

"ऐकतेयस ना?" धाकटी म्हणाली. "बाबांना मी सांगू की तू?"

"मी सांगते," थोरली म्हणाली. "या वेळी मीच सांगते." आणि तिने घरचा नंबर लावला.