सोमवारी सहा वाजता

नात परवा मोबाईलवर जर्मन घोकत बसली होती. वाजले की ‘उम’, वार असला की ‘आम’, महिना असला की ‘इम’. ते तीन शब्द कानावर पडले आणि नांदुऱ्याच्या घरातला भिजवलेल्या सरकीचा वास एकदम नाकात शिरला.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. दादा पोस्टाने मागवलेल्या पुस्तकातून जर्मन शिकायचा आणि मलाही शिकवायचा. एक वाक्य तो माझ्याकडून रोज म्हणवून घ्यायचा: सोमवारी सहा वाजता मी गाडीने जातो. आज कळतं, तो ते स्वतःलाच बजावत होता.

एका रविवारी बाबा जेवत असताना मी ते ऐटीत म्हणून दाखवलं, अर्थासकट.

बाबा ताटावरून उठले. त्यांनी दादाची पेटी उपडी केली. कपड्यांखालून मुंबईचं तिकीट निघालं.

“काऊन बे, बापाले न सांगता पयून राह्यला?”

बैल हाकायच्या तुतारीची काठी पिचेपर्यंत त्यांनी त्याला मारलं. डोकं वाचवायला दादाने उजवा हात वर धरला होता. मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. पुस्तक चुलीत गेलं.

मी गरम हळद घेऊन गेले, तेव्हा दादा म्हणाला, “वाक्य मात्र बरोबर बोलली तू.”

मला ती शाबासकी वाटली. मी चक्क खूश झाले.

सकाळी सहाची गाडी शिट्टी देऊन गेली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“आजी, तुला येतं जर्मन?” नातीने विचारलं.

“एकच वाक्य,” मी म्हणाले. ती कितीही मागे लागली, तरी म्हणून दाखवलं नाही.