आमचं काही म्हणणं नाही

शेजारच्या सुरेखाताई सुके बोंबील भाजतात तेव्हा वास भिंतीतून आरपार येतो आणि आमच्या कपाटातल्या स्वेटरांनासुद्धा भूक लागते. आम्ही पिढीजात शाकाहारी. पण मी एवढा सहनशील, की माझा पुतळा उभारायचा तर चौथऱ्याला तालुका पुरायचा नाही.

काल दुपारी त्यांच्या उघड्या दारातून पाहिलं, तर बाई सगळ्या खिडक्या लावून, घामाने निथळत बोंबील भाजत होत्या. उंबऱ्यावर आमच्यासाठी चार उदबत्त्या.

"अहो, उघडा खिडक्या! आमचं काही म्हणणं नाही!" मी जिना हादरवत म्हणालो.

"काका, तुमचं म्हणणं नाही हे तुम्ही वाण्याला सांगितलंत, वॉचमनला सांगितलंत, माझ्या सासूबाईंनाही सांगितलंत. म्हणून तर चार वर्षं खिडकी उघडायची लाज वाटते."

मी गोंधळलो. बोललो तर उपकार, गप्प बसलो तर सोसणं. मग आम्हा दोघांत सोसत नेमकं कोण होतं? आणि शेजाऱ्याने नुसतं शेजारी असायचं, तर ते करायचं कसं?

"मग मी म्हणू तरी काय?"

"काही म्हणू नका. बसा, ताट वाढते."

मी दारातच उभा राहिलो. हो म्हणायला जीभ रेटेना, आणि नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.